शौर्याचे मणी

झुलू भाषेत विद्यापीठाच्या पदवीला 'इझिकू' म्हणतात. हा शब्द विद्यापीठांपेक्षा बराच जुना आहे. इझिकू म्हणजे लाकडाचे छोटे मणी, एकाचा कोरलेला भाग दुसऱ्याच्या खाचेत बसेल असे घडवलेले. लढाईत पराक्रम केलेले योद्धे त्यांची माळ घालत. स्काउट शिक्षकांच्या गळ्यात 'वुड बॅज'चे जे लाकडी मणी असतात, त्यांचे मूळही इथेच आहे. झुलू राजा दिनुझुलूच्या माळेतले म्हणून स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी जवळ ठेवलेले मणी 1919 साली पहिल्या प्रशिक्षणवर्गाच्या वेळी वापरात आले, आणि त्यांच्या प्रतिकृती आज आपल्याकडच्या स्काउट मास्तरांच्या गळ्यातही दिसतात.

झुलू लोकांनी हाच शब्द पदवीसाठी घेतला. रणांगणावरचा मान ग्रंथालयात बसून कष्ट करणाऱ्याला दिला. एम.ए. झालेल्या मुलीने 'इझिकू' मिळवले असे तिची आजी म्हणते, तेव्हा एका शब्दात दोन शतके बोलत असतात.

असे मणी झुलू भाषेच्याच अभ्यासासाठी मिळवणाऱ्यांची ही गोष्ट आहे. ती परक्या देशातली असली तरी तिच्यातला मुख्य प्रश्न मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल: आपल्या भाषेचा सर्वांत वरच्या पायरीवरचा अभ्यास कोणत्या भाषेत करायचा?

एक धातू, चार माणसे

आपण 'झुलू भाषा' म्हणतो. ती बोलणारे तिला 'इसिझुलू' म्हणतात. लोक ते 'अमाझुलू' आणि त्यांचा प्रदेश 'क्वाझुलू'. मूळ शब्द तोच राहतो, अर्थ बदलतो तो पुढे जोडलेल्या उपसर्गाने. '-न्तु' हे मूळ घ्या. उमुंतु म्हणजे माणूस, अबंतु म्हणजे माणसे, उबुंतु म्हणजे माणुसकी आणि इसिंतु म्हणजे माणसांची परंपरेने आलेली रीत. माणूस, समाज, नीती आणि संस्कृती, सगळे एकाच मुळावर उभे आहे. पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शेकडो भाषांच्या मोठ्या कुळाला अभ्यासकांनी 'बांटू' हे नाव दिले, तेही याच मुळावरून.

2022च्या जनगणनेत दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे 24 टक्के लोकांनी घरात बोलण्याची भाषा म्हणून झुलूची नोंद केली. देशात इतकी मोठी दुसरी घरगुती भाषा नाही. 1996च्या राज्यघटनेने 11 भाषांना राजभाषेचा दर्जा दिला, 2023 साली खुणांची भाषा बारावी झाली. कागदावर झुलूचे स्थान इंग्रजीच्या बरोबरीचे आहे. वर्गात, कचेरीत आणि प्रबंधात ते तसे व्हावे यासाठी मात्र माणसे लागतात, आणि ती पदव्युत्तर अभ्यासातून तयार होतात.

तिथली रचना अशी: तीन वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाचे 'ऑनर्स', 120 श्रेयांकांचे आणि एका छोट्या संशोधन-प्रकल्पासह. पुढे 180 श्रेयांकांचे मास्टर्स, मग 360 श्रेयांकांची डॉक्टरेट. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग इथे आवारे असलेले क्वाझुलू-नाताल विद्यापीठ, क्वाद्लांगेझ्वा इथले झुलूलँड विद्यापीठ, जोहान्सबर्गचे विटवॉटर्सरँड, दूरशिक्षण देणारे युनिसा, ही या अभ्यासाची ठळक केंद्रे.

जिभेची तीन ठिकाणे

अभ्यास सुरू होतो ध्वनीपासून. झुलूतले 'क्लिक' ध्वनी जगभर प्रसिद्ध आहेत, आणि परके म्हणून ते अवघड मानले जातात. खरे तर मराठी माणूस ते रोज काढतो, फक्त शब्दांत वापरत नाही. वाईट बातमी ऐकून हळहळताना आपण जीभ दातांना लावून 'च्च, च्च' करतो. झुलूत हे व्यंजन आहे आणि रोमन लिपीत ते 'सी' या अक्षराने लिहितात. बैल किंवा घोडा हाकताना गालाच्या बाजूने जो आवाज काढतात, तो 'एक्स'. लहान मुले जीभ टाळूवरून सोडून घोड्याच्या टापांची नक्कल करतात, तो 'क्यू'. इझिकू या शब्दातला 'क' खरे तर हा टापांचा आवाज आहे, देवनागरीत त्याला अक्षर नाही म्हणून इथे 'क' लिहिला. या तीन जागांपैकी प्रत्येक ठिकाणी साधा, महाप्राण, घोष, अनुनासिक इत्यादी छटांनी पाच व्यंजने होतात. एकूण 15.

हे ध्वनी झुलूच्या पूर्वजभाषेत नव्हते. दक्षिण आफ्रिकेत आधीपासून राहणाऱ्या खोई आणि सान लोकांच्या भाषांतून ते आले. शेजार, लग्नसंबंध आणि सहवास यांचा पुरावा जिभेवर राहून गेला.

दुसरी गोष्ट सुराची. 'इन्यांगा' म्हणजे चंद्र किंवा महिना, आणि 'इन्यांगा' म्हणजेच वनौषधी देणारा वैद्य. लिहिताना दोन्ही सारखे. बोलताना सूर वेगळा लागतो आणि अर्थ ठरतो. छापील झुलूत सुराची खूण नसते, वाचणाऱ्याला तो आतून माहीत असावा लागतो. म्हणून जुनी हस्तलिखिते वाचणाऱ्या विद्यार्थ्याला डोळ्यांबरोबर कानही तयार करावा लागतो.

मग येते व्याकरण, आणि इथे झुलूची खरी श्रीमंती दिसते. मराठीत नामाला तीन लिंगे आहेत, त्यामुळे 'मोठा मुलगा गेला, मोठी मुलगी गेली' असे सगळे वाक्य नामाच्या मागे वळते. झुलूत एकवचन-अनेकवचन वेगळे धरले तर नामांचे डझनाहून अधिक वर्ग होतात आणि वाक्यातला प्रत्येक शब्द त्या वर्गाची खूण अंगावर घेतो. 'अबंतु अबाखुलू बयाहाम्बा' म्हणजे मोठी माणसे चालली आहेत. 'इझिंजा एझिंकुलू झियाहाम्बा' म्हणजे मोठे कुत्रे चालले आहेत. पहिल्या वाक्यात 'ब' शब्दागणिक परत येतो, दुसऱ्यात 'झ'. आणखी बारकाईने पाहा: 'मोठा'साठीचे मूळ 'खुलू' आहे, पण आधी 'न' आला की त्याचा 'कुलू' होतो. ख आणि क वेगळे ऐकू येणाऱ्या मराठी कानाला हा बदल लगेच कळतो.

क्रियापदाचेही तसेच. 'फुंडा' म्हणजे शिकणे, आणि वाचणेही. त्यातून फुंडिसा, शिकवणे. फुंडिसाना, एकमेकांना शिकवणे. उम्फुंडी म्हणजे विद्यार्थी, इम्फुंडो म्हणजे शिक्षण, इसिफुंडो म्हणजे धडा. 'न्गिझोम्फुंडिसा' हा एकच शब्द 'मी त्याला शिकवीन' किंवा 'मी तिला शिकवीन' असे पूर्ण वाक्य आहे. याच शब्दकुळात एक खूण इतिहासाचीही आहे. 'उम्फुंडिसी', म्हणजे शब्दशः शिकवणारा, हे नाव मिळाले ख्रिस्ती धर्मोपदेशकाला. शाळेतल्या शिक्षकाला 'उथिशा' म्हणतात, जो इंग्रजी 'टीचर'चा झुलू अवतार आहे. पहिली शाळा मिशनची आणि पहिला गुरुजी पाद्री, ही हकिकत हे दोन शब्द मिळून सांगतात.

आणखी एका ठिकाणी मराठी आणि झुलू फार जवळ येतात. आपण नुसते 'पांढरे' म्हणून थांबत नाही, पांढरेफटक म्हणतो, काळेकुट्ट म्हणतो. झुलूत 'म्हलोफे क्वा' म्हणजे पांढरेफटक आणि 'म्न्यामा भुके' म्हणजे काळेकुट्ट. रंग, आवाज, हालचाल यांचे चित्र एका झटक्यात उभे करणाऱ्या अशा शब्दांना झुलूत 'इसेंझुकुथी' म्हणतात. क्लेमेंट डोक या भाषाशास्त्रज्ञाने 1935 साली बांटू भाषांच्या परिभाषेत त्यांना 'आयडिओफोन' असे स्वतंत्र नाव दिले. पुढे जगभरच्या भाषांच्या वर्णनात ते रुळले. आज धपकन, चटकन, लखलख यांचा अभ्यास करणारा संशोधकही जो इंग्रजी शब्द वापरतो, तो असा आफ्रिकी भाषांच्या अभ्यासातून आलेला आहे.

नाव न घेण्याचे शास्त्र

संस्कृतीचा अभ्यास हा वेगळा विषय म्हणून भाषेला बाहेरून जोडावा लागत नाही, तो भाषेच्या पोटातच असतो. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 'हलोनिफा', आदराने शब्द टाळण्याची रीत.

नवऱ्याचे नाव न घेण्याची चाल मराठी घरांनी पिढ्यानपिढ्या पाळली. उखाणा जन्मला तो याच संकोचातून. झुलू सुनेवरचे बंधन याहून खोल जाते. सासऱ्याचे नाव तर घ्यायचे नाहीच, पण त्या नावातला अक्षरसमूह ज्या ज्या शब्दात येतो तो शब्दही टाळायचा. मग रोजच्या वस्तूंना दुसरे शब्द लागतात. काही शब्द जुन्या ठेवणीतले, काही शेजारच्या भाषेतले, काही ध्वनी बदलून घडवलेले. प्रत्येक सुनेची शब्दसंपत्ती तिच्या सासरच्या नावांनुसार थोडी वेगळी. हे शब्द एकीकडून दुसरीकडे जात, घरातल्या सर्व बायकांना कळत, आणि त्यांचा वेगळा कोशच तयार होई.

डर्बनच्या दक्षिणेला अमांझिम्टोटी नावाचे गाव आहे. लोककथा सांगते की झुलू राजा शाका तिथल्या नदीचे पाणी प्यायला आणि 'पाणी गोड आहे' असे म्हणाला. गोडसाठी रोजचा शब्द 'म्नांदी'. पण त्याच्या आईचे नाव नांदी. म्हणून तो 'म्टोटी' म्हणाला, आणि तेच गावाचे नाव झाले. कथा घडली तशीच घडली की नाही हा भाग वेगळा, तिच्यामागचा नियम मात्र खरा आहे. क्लिक ध्वनी झुलूत इतके खोल रुजले त्याला हलोनिफाने मदत केली, असेही काही अभ्यासक मानतात. एखादा ध्वनी टाळायचा तर त्याच्या जागी दूरचा, ऐकताच वेगळा कळेल असा ध्वनी हवा, आणि खोई-सान शेजाऱ्यांचे क्लिक त्यासाठी हाताशी होते. हे मत धरले, तर भाषेच्या ध्वनिव्यवस्थेला आकार देण्यात घरातल्या सुनांचा वाटा मोठा ठरतो.

बिरुदांचे वाङ्मय

साहित्याच्या अभ्यासाचा पाया 'इझिबोंगो', म्हणजे स्तुतिकाव्य, हा आहे. शाकाच्या इझिबोंगोंविषयी वाचताना मराठी माणसाला आधी पोवाडा आठवतो, पण ही जुळणी नीट बसत नाही. पोवाडा प्रसंग सांगतो, सुरुवातीपासून शेवटापर्यंत चालतो. इझिबोंगो बिरुदांवर बिरुदे रचतो. प्रत्येक बिरुदात एखादी लढाई, एखादा स्वभाव, एखादे वैर दडलेले असते आणि ते ऐकणाऱ्याला आधीच माहीत असते असे धरलेले असते. आपल्या बिरुदावलीशी आणि भालदार-चोपदारांच्या ललकारीशी त्याचे नाते जास्त जवळचे आहे. फरक असा की 'इम्बोंगी', म्हणजे हे म्हणणारा कवी, राजाचे दोषही बोलून दाखवू शकतो.

इझिबोंगो फक्त राजांचे नसतात. साध्या माणसाचे असतात, बायकांचे असतात, लाडक्या गुरांचेही असतात. शिवाय प्रत्येक कुळाची 'इझिथाकाझेलो' असतात, आडनावामागची मानाची नावे. बुथेलेझी कुळातल्या माणसाला 'शेंगे' म्हणून हाक मारली, झुमा कुळातल्याला 'म्शोलोझी' म्हटले, की त्या माणसाबरोबर त्याच्या पूर्वजांनाही नमस्कार पोचतो.

हे वाङ्मय कागदावर कसे आले, हा एम.ए. आणि पीएच.डी.चा आवडता विषय आहे. जेम्स स्टुअर्ट हे नाताल या ब्रिटिश वसाहतीतले अधिकारी. 1890च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची सुमारे 25 वर्षे त्यांनी सुमारे 200 जणांना बसवून त्यांच्या आठवणी, वंशावळी आणि इझिबोंगो लिहून घेतले. त्यांची टिपणे डर्बनच्या किली कॅम्बेल ग्रंथालयात आहेत, आणि 1976पासून ती संपादित होऊन खंडांच्या रूपाने येत गेली. विद्यार्थी ही पाने उघडतो तेव्हा त्याच्यापुढे प्रश्नांची रांग उभी राहते. बोलणारा कोण होता? ज्या राजवटीने त्याची जमीन घेतली तिच्याच अधिकाऱ्यासमोर तो काय बोलला आणि काय गिळून बसला? स्टुअर्टने आपल्या कानाने ऐकलेला शब्द कसा लिहिला? एकाच राजाच्या इझिबोंगोचे तीन पाठ असतील तर 'खरा' कोणता, की मौखिक परंपरेत तिन्ही खरे? संतांच्या अभंगांचे पाठभेद हाताळलेल्या मराठी अभ्यासकाला ही अडचण ओळखीची आहे.

लिखित साहित्य त्यामानाने तरुण. मगेमा फुझे बिशप कोलेन्सो यांच्या मिशनमधल्या छापखान्यात शिकलेले मुद्रक. काळ्या लोकांचा उगम सांगणारा त्यांचा ग्रंथ 1922 साली निघाला. झुलू माणसाने झुलूत लिहून छापलेले हे पहिले पुस्तक मानतात. जॉन लांगालिबालेले दुबे यांनी इनांदा इथे ओहलांगे ही शाळा काढली, 1903 साली 'इलांगा लासे नाताल' हे वृत्तपत्र सुरू केले, 1912 साली ते पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून ओळखल्या गेलेल्या संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. शाकाच्या सेवकावरची त्यांची 'इन्सिला काशाका' ही झुलूतली पहिली कादंबरी समजली जाते. गांधीजींनी 1904 साली वसवलेला फिनिक्स आश्रम याच इनांदा भागात, ओहलांगेच्या शेजारी होता.

विलाकाझींचा प्रबंध

आणि आता ज्यांच्याशिवाय हे प्रकरण पुरे होणार नाही ते बेनेडिक्ट वॅलेट विलाकाझी. 1906 साली नातालमधल्या ग्राउटव्हिल मिशनवर जन्म. मिशन शाळांत शिकले, तिथेच शिकवले, नोकरी सांभाळत युनिसातून टपालाने बी.ए. झाले. 1935 साली त्यांचा 'इंकोंडलो काझुलू' हा कवितासंग्रह आला. पुढे ते विटवॉटर्सरँड विद्यापीठात डोक यांच्या विभागात दाखल झाले. गोऱ्या विद्यार्थ्यांना झुलू शिकवणारा हा झुलू कवी, पण हुद्दा 'भाषा-सहायक'. काळ्या माणसाला व्याख्याता म्हणायला विद्यापीठाची मान्यता नव्हती.

कवी म्हणून त्यांनी एक प्रयोग केला. इंग्रजी कवितेसारखे यमक झुलूत आणले. पण झुलू शब्द स्वरान्त, आणि व्याकरणाचे तेच ते शेवट पुन्हा पुन्हा येणारे. यमक फार सहज जुळते, म्हणून त्यातली चमक जाते. एच. आय. ई. धलोमो या लेखकाने यावर टीका केली, दोघांत जाहीर वाद झाला. पुढच्या संग्रहात विलाकाझींनी यमकाची पकड सैल केली. आपल्या भाषेचे कान कुठे आहेत हे कवीने स्वतःवर प्रयोग करून शोधले.

1946 साली, झुलू ज्या गटात मोडते त्या न्गुनी भाषांच्या मौखिक आणि लिखित साहित्यावरील प्रबंधासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली. दक्षिण आफ्रिकेत ही पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पुढच्याच वर्षी, 1947च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या 41व्या वर्षी ते गेले. डोक यांच्याबरोबर केलेला झुलू-इंग्रजी कोश 1948 साली निघाला, तो छापलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. जोहान्सबर्गच्या सोवेटो वस्तीतल्या ज्या रस्त्यावर नेल्सन मंडेला आणि डेस्मंड टूटू यांची घरे आहेत, त्याला आज विलाकाझींचे नाव आहे.

त्यांचा प्रबंध इंग्रजीत आहे. तो तसाच असावा लागला. झुलू भाषेच्या सर्वांत मोठ्या जाणकाराने झुलू साहित्याविषयी जे जाणले, ते विद्यापीठासमोर ठेवण्यासाठी परक्या भाषेत मांडले. मराठी साहित्यावरचा प्रबंध मराठीत लिहायचा असतो, यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. झुलूच्या अभ्यासकांना हे साधे वाटण्यासाठी आणखी अर्धे शतक लोटावे लागले.

मझिसी कुनेने यांची कहाणी याच जखमेची दुसरी बाजू आहे. नाताल विद्यापीठात झुलू कवितेवर एम.ए. करून 1959 साली ते देशाबाहेर गेले आणि दशकानुदशके परत येऊ शकले नाहीत. शाकावरचे महाकाव्य त्यांनी झुलूत रचले. प्रसिद्ध झाला तो त्यांनीच केलेला इंग्रजी अनुवाद, 1979 साली. कुनेने 2006 साली वारले. मूळ झुलू संहिता छापून आली 2017 साली. ज्यांच्यासाठी काव्य लिहिले त्यांच्या हाती ते इंग्रजी वाचकांनंतर 38 वर्षांनी पडले.

भाषेला कामाला लावणे

मातृभाषेतल्या शिक्षणाचा प्रश्न तिथे साधा नव्हता. 1953च्या 'बांटू शिक्षण' कायद्याने काळ्या मुलांना मुद्दाम कमी दर्जाचे शिक्षण देण्याची व्यवस्था केली, आणि त्यात मातृभाषेचा उपयोग माणसांना वेगळे कोंडण्यासाठी झाला. झुलूलँड विद्यापीठही 1960 साली याच वांशिक विभागणीतून निघाले. 1976 साली सोवेटोतली मुले शाळांतल्या आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली आणि गोळीबारात बळी पडली. म्हणून आजही अनेक पालकांच्या मनात घरच्या भाषेतले शिक्षण म्हणजे दुय्यम शिक्षण अशी भीती आहे. ती अनुभवातून आलेली भीती आहे. तिला भाषणांनी उत्तर मिळत नाही, चांगल्या पुस्तकांनी आणि चांगल्या प्रबंधांनी मिळते.

क्वाझुलू-नाताल विद्यापीठाने 2006 साली द्विभाषिक धोरण स्वीकारले आणि 2014पासून पदवीच्या नव्या विद्यार्थ्यांना झुलूचा किमान एक अभ्यासक्रम आवश्यक केला. झुलूत लिहिलेले डॉक्टरेटचे प्रबंध तिथे स्वीकारले जाऊ लागले, साहित्याबाहेरच्या विषयांवरचेही. त्याबरोबर परिभाषेची गरज आली. मार्गदर्शकाला 'उमेलुलेकी' म्हणजे सल्ला देणारा हा घरचा शब्द मिळाला. विद्यापीठाला 'इन्युवेसी', हा इंग्रजीवरून घडलेला. कुठे शब्द उसना घ्यायचा आणि कुठे घडवायचा, याचा निर्णय प्रत्येक विद्यार्थी पानागणिक घेत असतो.

संगणकाचेही काम मोठे आहे. एका क्रियापदाला पुढून आणि मागून इतके प्रत्यय जोडले जातात की एका धातूची रूपे हजारांत जातात. शब्दांची नुसती यादी देऊन शुद्धलेखन तपासता येत नाही, आधी यंत्राला शब्द फोडायला शिकवावा लागतो. कोशकार, न्यायालयातले दुभाषे, अनुवादक, रेडिओवरचे लेखक, शिक्षक, या सगळ्यांना लागणारे ज्ञान ऑनर्स आणि मास्टर्सच्या वर्गांत तयार होते. 'उखोझी एफएम' या झुलू आकाशवाणीला लाखो श्रोते आहेत, 'इसोलेझ्वे' हे 2002 साली निघालेले दैनिक बाजारात टिकून आहे. वाचणारे-ऐकणारे आहेत, त्यांच्यापर्यंत नवे ज्ञान नेणारे हवे आहेत.

संशोधनाला झुलूत 'उक्वानिंगो' म्हणतात, बारकाईने तपासणे या अर्थाच्या क्रियापदावरून. 'उ'नंतर लगेच क्लिक येतो, आपल्या हळहळीतला, दातांवरचा. विलाकाझींनी तो आवाज आयुष्यभर काढला, पण प्रबंधाच्या भाषेत त्याला जागा नव्हती. आज डर्बनमधला विद्यार्थी विलाकाझींचा तो इंग्रजी प्रबंध समोर ठेवतो, त्यातली एखादी मांडणी स्वीकारतो, एखादी खोडतो, आणि हे सगळे तो झुलूत लिहितो. खाचेत खाच बसते, आणि माळेत एक मणी वाढतो.